अळणी समुद्र

४ ऑगस्ट, सोमवार

ही डायरी साखर कारखान्याची, तीही गेल्या वर्षीची. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावाने आली होती. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली, पण ते अजून कोणी कारखान्याला कळवलेलं नाही. या पानावर रविवार छापलाय, मी खोडून सोमवार केलाय. वर्षभर हेच करावं लागणार.

पुण्याच्या प्रवीण सरांनी सांगितलंय, "रोज काय बदललंस, काय बघितलंस ते वहीत लिही. नाहीतर चूक सापडते आणि कशाने सापडली तेच कळत नाही." म्हणून हा उद्योग. यात फक्त कामाचं लिहायचं, घरचं रडगाणं आणायचं नाही असं मी ठरवलंय.

तर काम. पुणतांब्यात बसून मी समुद्र बघते. खरा नव्हे, संगणकाने मांडलेला. समुद्राचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाला रोजचं तापमान आणि खारेपणा असतो. मोठ्या संस्थेकडून ती फाईल येते, मी तिचे बारीक चौकोन करून किनाऱ्यावरच्या लोकांना तक्ते पाठवते. शेजारच्या छबूमावशीला वाटतं मी हवामान खात्यात आहे. भाऊसाहेब काकांना वाटतं मासळीच्या कंपनीत आहे. मी दोघांनाही हो म्हणते.

आज तक्रार आली. गोदावरीच्या मुखाशी कोळंबीचे तलाव आहेत, ते लोक आमचा तक्ता बघून तलावात समुद्राचं पाणी घेतात. त्यांचं म्हणणं, तुम्ही लिटरभर पाण्यात बावीस ग्रॅम मीठ सांगता, आमच्या यंत्रात तीस येतं. आणि तापमान तुम्ही एकवीस म्हणता, आम्ही तर कोमट पाण्यात उभे आहोत. तक्त्यावर विसंबून कोळंबी मेली तर काय करायचं?

सर फोनवर शांतपणे बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. पंचवीस तारखेपर्यंत चूक सापडली नाही तर घरून काम बंद, पुण्याला येऊन सगळ्यांसोबत बसायचं. आई इथे एकटी कशी राहणार? सदुसष्ट वर्षांची, बीपीची गोळी चालू, आणि पुण्याला चल म्हटलं की म्हणते, "गंगा सोडून कुठं येऊ?" आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

५ ऑगस्ट, मंगळवार

आठ महिन्यांच्या फाईली उघडल्या. चूक फक्त किनाऱ्यालगतच्या चौकोनांत आहे, खोल समुद्र ठीक.

दुपारी आई भाकरी थापत होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय हारवलं?"

"समुद्रातलं मीठ. आपल्या गंगेच्या तोंडाशी."

"आपल्या गंगेच्या?"

"इथून जाते तीच. आंध्रात समुद्राला मिळते ना."

आईचा हात परातीत थांबला. "कोनी न्येलं?"

"कोणी नेलं नाही गं, माझ्या आकड्यांतून गेलंय. ते परत आलं नाही तर मला पुण्याला जावं लागेल."

"आन् आलं तर?"

"आलं तर इथंच."

आईने भाकरी तव्यावर टाकून तिला पाणी लावलं.

बघा, दुसऱ्याच दिवशी घरचं आलं वहीत.

७ ऑगस्ट, गुरुवार

मला वाटतं सापडलं. पूर! वरून पाणी सोडलंय, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्यात. हेच गोड पाणी समुद्रात गेलं की खारेपणा उतरणारच. इतकं सोपं होतं आणि मी तीन दिवस डोकं धरून बसले. सरांना लांबलचक पत्र लिहिलं.

आई आणि छबूमावशी काल सकाळी घाटावर जाऊन दिवा सोडून आल्या. श्रावण आहे, रोज काहीतरी असतंच. आता स्वयंपाकही सोवळ्यातल्यासारखा चाललाय. आमटीत मीठ घालायच्या आधी आई एक वाटी बाजूला काढून ठेवते, भाजीचंही तेच. नैवेद्याचं असेल. मी माझं ताट लॅपटॉपपाशी आणते, त्यामुळे तिचं जेवण कधी होतं ते कळतही नाही.

संध्याकाळी: सरांचं एका ओळीचं उत्तर. "पुराने मीठ कमी होईल, पण समुद्र आठ अंशांनी थंड कसा होईल?" 

तोंडात मारल्यासारखं झालं. पूर खरा आहे, पण चुकीचं कारण खरं असलं की जास्त वेळ खातं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अगदी किनाऱ्याला चिकटून काही चौकोन असे निघाले, की तापमान उणे दहा आणि खारेपणाही उणे दहा. उणे दहा अंशांना समुद्राचा बर्फ होईल हे एक वेळ सोडू. पण मीठ उणे कसं असेल? कोळंबीवाल्यांच्या हातात हा तक्ता पडला तर ते मला उचलून समुद्रात टाकतील.

शून्याखालचे सगळे आकडे काढून टाकणारी एक ओळ लिहिली. तक्ता लगेच शहाण्यासारखा दिसायला लागला. कोळंबीवाल्यांचा चौकोन मात्र अजून बावीसवरच आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

आईचं डोकं दुखतंय आणि मळमळतंय. उपवासांमुळे पित्त झालं असणार. पोटासाठी सोडा दिला आणि सांगितलं, पाणी पीत जा भरपूर. दर तासाला तांब्या भरून तिच्याजवळ ठेवते. मी सांगितलेलं ती सहसा ऐकत नाही, पण हे मात्र ऐकते. सारखं पाणी पिते. माझ्या मनात आलं, चला, एक तरी गोष्ट आपण नीट केली.

काम: दुसऱ्या संस्थेची फाईल आणून ताडून पाहिली. तिच्यात त्याच ठिकाणी एकोणतीस अंश आणि तीस ग्रॅम. म्हणजे समुद्र ठीक आहे, खोट माझ्याकडे आहे. 

१३ ऑगस्ट, बुधवार

आज गंमत झाली. आई दळणाचा डबा घेऊन गिरणीत निघाली आणि थेट देवळात जाऊन बसली. छबूमावशीने हाताला धरून घरी आणलं. मी हसले, आईही हसली, पण जरा उशिरा हसली. पायात गोळे येतात म्हणते. वय झालं आता तिचं, हे मला मानावंच लागणार.

छबूमावशी जाताना दारात घुटमळली. म्हणाली, "वृषे, तुझ्या आईला जरा इचार. काय खाती, काय न्हाई."

"खाते की. पथ्य पाळते हल्ली. जूनमध्ये डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटल्यावर महिनाभर भांडली होती, आता स्वतःहून कमी केलंय."

छबूमावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. "इचार तरी," एवढंच म्हणाली. तिला सगळ्यांच्या ताटात डोकवायची सवय आहे.

काम: काही नाही. बारा दिवस राहिले.

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी भाऊसाहेब काका आले, पीक पाहणीचे फोटो मोबाईलवरून चढवून घ्यायला. येतानाच तापलेले. सोयाबीनच्या उताऱ्यावरून कोणाशी तरी वाद घालून आले होते. चहा होईपर्यंत मी अर्ध्या कानाने ऐकत होते.

"सातबाऱ्यावर पोटखराबा येगळा लिवलाय का न्हाई? वढा हाय त्यो, त्याच्यात काय पिकनार? ह्या शान्यानं वढ्याचं गुंठंबी धरलं आन् सरासरी काढली. मंग उतारा कमीच येनार ना? रान चांगलं हाय माझं. खराबा त्याच्यात मिसळला म्हनून वाईट दिसतंय."

मी कप हातात धरून उभीच राहिले.

किनारा म्हणजे बांध. बांधापलीकडे जमीन. समुद्राच्या हिशेबात जमीन हा पोटखराबा. तो मी धरते की वगळते?

काकांना म्हटलं, "काका, तुम्ही देव आहात."

"आधी फोटो चढव," काका म्हणाले.

१७ ऑगस्ट, रविवार

सापडली.

सविस्तर लिहिते, पुढच्या वेळी उपयोग होईल. फाईलमध्ये जिथे जमीन आहे तिथे खुणेचा एक आकडा असतो, उणे तीस हजार. त्याचा अर्थ आकडा नव्हे. त्याचा अर्थ 'इथे समुद्र नाही, पुढे जा'. बाकीचे आकडेही जागा वाचावी म्हणून आवळून ठेवलेले असतात. ते उलगडायला हजाराने भागायचं आणि वीस मिळवायचे. एप्रिलमध्ये काम लवकर व्हावं म्हणून मी प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली होती. तेव्हापासून तो खूण न बघताच सगळं उलगडत सुटला. उणे तीस हजार भागिले हजार, उणे तीस. त्यात वीस मिळवले की उणे दहा. तापमानालाही उणे दहा आणि मिठालाही.

पुढे बारीक चौकोन करताना किनाऱ्यावरचा चौकोन शेजाऱ्यांची सरासरी घेतो. पाचातले चार वाटे समुद्र, एक वाटा जमीन. तीसचे चार वाटे चोवीस, त्यातून जमिनीच्या उणे दहाचा एक वाटा म्हणजे दोन गेले, बावीस. एकोणतीसचे चार वाटे तेवीस पूर्णांक दोन, दोन गेले, एकवीस पूर्णांक दोन. याच पानाच्या कडेला पेनने मांडलं आणि दोन्ही आकडे तंतोतंत आले तेव्हा मला रडू आलं.

उणे दहा हे मला आठ तारखेलाच दिसलं होतं. तोच एक आकडा खरं सांगत होता आणि मी तोच पुसून टाकला.

चूक माझी आहे. एप्रिलपासूनची.

१८ ऑगस्ट, सोमवार

सरांना सगळं सांगितलं, एप्रिलच्या ओळीसकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खूण आधी बघायची, भागाकार नंतर. कोळंबीवाल्यांना तू स्वतः फोन करून माफी माग. आणि इथूनच काम कर, पुण्याला यायची गरज नाही."

कोळंबीवाल्यांना मोडक्या हिंदीत माफी मागितली. ते बरे लोक आहेत, त्यांनी यंत्रावरच भरवसा ठेवला होता. पुण्याच्या ऑफिसातल्या रेश्माला फोन केला, ती आनंदाने ओरडलीच. काकांना फोन करून आभार मानले. त्यांना वाटलं, पीक पाहणीबद्दल बोलतेय.

आईला सांगायला गेले तर सकाळी अकरा वाजता गाढ झोपलेली. उठवलं नाही. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग राहून गेलं. तिला तसंही त्यातलं काय कळणार.

२० ऑगस्ट, बुधवार

सुधारलेला तक्ता गेला. तीस. एकोणतीस. किती सुंदर दिसतात हे दोन आकडे.

आई दिवसभर गुंगीत असते. दुपारी मला 'अक्का' म्हणाली. अक्का म्हणजे तिची मोठी बहीण, ती जाऊन वीस वर्षं झाली. परवा पोळा आहे, तो झाला की शिर्डीला मोठ्या डॉक्टरांकडे नेते.

चार वाजता एकदम डोळे उघडून विचारलं, "आलं का गं?"

सिलेंडर सांगून चार दिवस झालेत. म्हटलं, "नाही गं अजून. उद्या येईल."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा कुशीवर वळली.

२२ ऑगस्ट, पोळा

नको नको म्हणत असताना आई पुरणाला उठली. काकांची बैलजोडी दारात आली तेव्हा ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच कोसळली. हातपाय वाकडे झाले, तोंडाला फेस. बैल शांत उभे होते. मी काय केलं मला आठवत नाही. काकांनी शेजाऱ्याची गाडी काढली. पुणतांबा ते शिर्डी इतकं लांब आहे हे मला माहीत नव्हतं.

आत घेतलंय. मी बाहेर बाकावर आहे. ही डायरी पिशवीत कशी आली देव जाणे.

२३ ऑगस्ट, शनिवार

रक्तातलं मीठ. डॉक्टरांनी कागद दाखवला. एकशे पस्तीसच्या वर हवं, आईचं एकशे नऊ आहे.

डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. विचारलं, "बीपीच्या गोळीने लघवीवाटे मीठ जातं. त्यात यांनी मीठ खाणं बंद केलं होतं का?"

"कमी केलं होतं."

"कमी आणि बंद यात फरक आहे. आणि पाणी खूप प्यायच्या का?"

मी मान हलवली. तांब्या मी भरत होते, हे बोलले नाही. नंतर पुन्हा आत जाऊन सांगितलं.

दुपारी छबूमावशी आली. माझ्याजवळ बसली आणि पदराचं टोक पिळत राहिली.

"नवस कुनाला सांगत नसत्यात म्हनून बोल्ले न्हाई. घाटावर दिवा सोडला ना, तवा ती गंगंला बोल्ली. म्हनली, तुझ्या तोंडाशी मीठ न्हाई म्हनं. ते माघारी येईस्तवर मीबी मीठ खायाची न्हाई. लेकीला हितंच ऱ्हाऊ दे."

सहा तारखेपासून. सतरा दिवस. आमटीतली वाटी नैवेद्याची नव्हती.

छबूमावशी गेल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं लिहिलंय यात. वाटी, डोकेदुखी, तांब्या, दळणाचा डबा, 'इचार तरी'. तारखेनिशी, नीट अक्षरात, माझ्याच हाताने. आणि वीस तारीख. "आलं का गं?" तिने सिलेंडरबद्दल विचारलं नव्हतं. समुद्राचं मीठ येऊन तीन दिवस झाले होते आणि मी तिला म्हटलं, अजून नाही.

मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

एकशे सतरा. नळीतून मिठाचं पाणी थेंबाथेंबाने जातंय. मी विचारलं, जरा भरभर नाही का देता येणार? डॉक्टर म्हणाल्या, एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते, जितक्या हळू उतरलं तितक्या हळू चढवायचं. मी थेंब मोजत बसले.

२५ ऑगस्ट, सोमवार

हीच ती पंचवीस तारीख.

आईने सकाळी डोळे उघडले आणि मला माझ्या नावाने हाक मारली. एकशे सव्वीस. दहा वाजता खिचडी आली. एक चमचा तोंडाशी नेला तर तिने ओठ घट्ट मिटले.

"मीठ हाय त्याच्यात."

"आई, छबूमावशीने सांगितलं मला."

"तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई." मग नळीकडे बघून, "ह्ये काय चढीवलंय?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. "मिठाचं पाणी."

आईचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत तिला इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं, कोसळतानाही नाही. "म्हंजी मोडलं?"

"नाही मोडलं. त्याच्या आधीच पुरं झालं होतं. समुद्राचं मीठ सतरा तारखेला परत आलं. सर म्हणाले, इथेच राहा."

"माझं मन राखाया सांगू नगंस."

मी डायरी काढून सतरा तारखेचं पान उघडलं. आई जुनी चौथी शिकलेली, अक्षर लावून वाचते. तिने बोट ठेवलं. "साप-ड-ली." मग वर बघितलं. "हितं तर शनिवार छापलाय."

"तो खोडलाय बघ. रविवार केलाय."

तिने पेनची रेघ नखाने तपासली. पटलं असावं. उशीला टेकली आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"सतरा. मंग मला सांगायचं न्हाई व्हय? पाच दिस फुकट ग्येलं माझं."

"चुकलं माझं, आई."

"अळनी आमटी लई वंगाळ लागती," ती म्हणाली आणि तोंड उघडलं.

खिचडी मी घाईघाईने भरवली. अर्धी तिच्या अंगावर सांडली. तिने सांडलेली शितं वेचून खाल्ली.

३० ऑगस्ट, शनिवार

काल घरी आणलं. एकशे चौतीस. गोळी बदलून दिली, पाणी मोजून, मीठ बेताचं, पण रोज.

लॅपटॉप आता माजघरात आहे आणि मी ताट तिच्यासमोर घेऊन बसते. आज मी वाढलं. पान वाढताना मीठ सगळ्यांत आधी वाढतात, वरच्या बाजूला मधोमध, हे तिनेच मला शिकवलंय. मी चिमूटभर वाढलं. तिने त्याकडे बघितलं.

"येवढं नगं. डाक्टरनी बेतानं सांगितलंय."

मी अर्धं काढून घेतलं. ती जेवली.

दुपारी काम करत होते. नव्या तक्त्यात अंदमानपाशी एक आकडा जरा विचित्र दिसत होता, त्यात डोकं गेलेलं. आतून आईचा आवाज आला, "आलं का गं?"

मी सगळं तसंच ठेवून उठले. तिच्या खाटेपाशी जाऊन बसले आणि विचारलं, "काय आलं का, आई?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू माझंच मीठ कमी झालंय.

"सिलेंडर," ती म्हणाली.